ओल्या खात्यातल्या दहा जणी

४ ऑक्टोबर

सर,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहून खोडलं आहे. नवा कागद घेता आला असता, पण खोडलेलं तुम्हाला दिसायला हवं होतं.

सात महिन्यांतलं हे माझं पहिलं पत्र. मार्चमध्ये केंद्र सोडताना मी तुमच्या टेबलावर कपाटाची किल्ली ठेवली. तुम्ही फोनवर होतात, हाताने नुसतं 'ठेव, ठेव' केलंत. मी ठेवली आणि जिना उतरले. तेव्हा वाटलं होतं, बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. आता उरलं आहे.

लाँड्रीच्या सूचनाफलकावर परवा एक कागद लागला. धुलाई खात्याच्या मुकादमबाईंनी मला तो फोनवर वाचून दाखवला. एक नोव्हेंबरपासून सगळ्या खात्यांत नवे, आतून कापडी अस्तर असलेले हातमोजे सक्तीचे. जुने जाड रबरी मोजे त्याआधीच भांडारात जमा करायचे. खाली आधार म्हणून तुमच्या अहवालाचं नाव आणि पान तीनवरचं वाक्य: 'नव्या हातमोज्यांमुळे सर्व कामगारांच्या हातांचा त्वचाविकार पाच गुणांनी कमी होतो.'

वाचून झाल्यावर मुकादमबाई म्हणाल्या, "तुझ्या सरांना म्हणावं, एक दिवस आमच्या हौदावर या. मोजे घालून उभे राहा. आम्ही बाजूला बसून सरासरी काढतो."

मी हसले नाही. तुम्हीही हसू नका.

चार आकडे पुन्हा लिहिते, कारण ते अहवालात नाहीत. ते ज्या चौथ्या कोष्टकात होते ते कोष्टकच अहवालात नाही. इस्त्री-घडीच्या कोरड्या खात्यात साठ बायका. जुने मोजे घालणाऱ्यांचे सरासरी गुण नऊ, नवे घालणाऱ्यांचे चार. गुण जितके जास्त तितका हात खराब, म्हणजे तिथे नव्या मोज्यांनी भलं केलं. धुलाईच्या ओल्या खात्यात वीस बायका, दहा जणींना जुने, दहा जणींना नवे. जुन्या मोज्यांत सात, नव्या मोज्यांत बारा. तिथे नव्या मोज्यांनी हात खाल्ले. तेच मोजे, तीच लाँड्री, तेच सहा आठवडे.

का, तेही मी तुम्हाला सांगितलं होतं. नव्या मोज्याची मनगटपट्टी आखूड आहे. हौदात हात घातला की ब्लीचचं पाणी वरून आत जातं आणि अस्तर ते पाळीभर धरून ठेवतं. कोरड्या खात्यात तेच अस्तर घाम टिपतं. यात गूढ काही नाही. नळाखाली मोजा धरून मी तुम्हाला दाखवलंही होतं.

दुसऱ्या वर्षाला तुम्ही फळ्यावर चौकोन काढून त्याचे चार भाग केले होते आणि म्हणाला होतात, "आधी घरं बघा, मग गाव. गावाची सरासरी कुणाच्याच घरात राहत नाही." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मला वाटलं, शिकलेली माणसं अशी असतात.

वीस तारखेला सुरक्षा समिती बसणार आहे. तिने मान्यता दिली की हाच नियम सगळ्या रुग्णालयांच्या लाँड्र्यांना लागणार. त्याआधी चौथं कोष्टक अहवालात परत जोडा. नाही जोडलंत, तर मी समितीसमोर येईन आणि तुमच्या तोंडावर ते वाचेन. याला धमकी म्हणतात हे मला माहीत आहे. दुसरा शब्द शोधत बसले नाही.

तुमची एकेकाळची विद्यार्थिनी


९ ऑक्टोबर

सर,

उत्तर नाही. ठीक आहे. तुम्ही गप्प बसण्यात पहिल्यापासून तयार आहात. तोंडी परीक्षेत तुम्ही गप्प बसायचात आणि मुलं घाबरून आपणच आपली चूक सांगून टाकायची.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट टाळली. दहा बायकांबद्दल लिहिलं, त्यातली एक कोण ते लिहिलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही विसरला असाल, किंवा विसरायला सोपं जात असेल.

मोजे कुणाला कोणते, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मी काढल्या, धुलाई खात्यात, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून. आई रांगेत नववी होती. मी आधीच तुम्हाला म्हटलं होतं, माझी आई त्या खात्यात आहे, चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाला काढू द्या. तुम्ही म्हणालात, "शंकाबाई, चिठ्ठी आई-मावशी ओळखत नाही. काढ तू." आईच्या चिठ्ठीवर 'नवे' आलं. तिने मोजे हातात घेतले, अस्तर चाचपलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, माझ्या पोरीने दिलेत. मऊ आहेत."

सहा आठवड्यांनी अभ्यास संपला. मला वाटलं मोजे परत गेले. मी दुसऱ्या शहरात नोकरीला लागले. दर रविवारी फोन करायचे. "हात कसे आहेत?" "हातासारखे हात आहेत. तू जेवलीस का?" सात महिने हेच चाललं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी रजा काढून घरी आले, तर आई पाणी द्यायला पेला दोन तळहातांत धरून आली, लहान मुलं धरतात तसा. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. नखांभोवतीची कातडी पांढरी, फुगलेली, मधून फुटलेली. डॉक्टरांनी तिला दीड महिना पाण्यात हात घालायला मनाई केली आहे, आणि धुलाई खात्यात पाण्यात हात न घालता करण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे घरी बसणं.

मी विचारलं, "अगं, ते मोजे अजून घालत होतीस?"

"मग? चांगले ठरले ना ते अहवालात."

"हात फुटत होते ते दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं की." आई जरा चिडली. "पण अहवालावर तुझं नाव आहे. मीच काढून टाकले असते तर बायका काय म्हणाल्या असत्या? पोरीचं कागदावर एक आणि आईचं भलतंच."

मग मी तिला चार घरं काढून दाखवली, बिलाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे कोरड्यातल्या बायकांना बरं वाटलं, म्हणून आम्हालाही बरं वाटलं असं लिहिलं?"

सर, तुमच्या केंद्रात दोन वर्षं काढूनही तुमच्या अहवालाचं इतकं नेमकं परीक्षण मी ऐकलं नव्हतं.

ते पाकीट मी जपून ठेवलं आहे. वीस तारखेला बरोबर आणते.


१३ ऑक्टोबर

सर,

तुमचं उत्तर मिळालं. केंद्राचा छापील कागद, तीन ओळी:

'पान तीनवरचं वाक्य कोणाच्या हातचं आहे ते आठव. मसुद्यावर सही कोणाची आहे तेही. समितीत कोष्टक निघालं, तर मसुदाही निघेल. काळजी घे.'

'काळजी घे' वाचून दात-ओठ खाल्ले. पण तुमचा नेम बरोबर लागला.

तर लिहून टाकते. ते वाक्य माझं आहे.

पहिल्या मसुद्याच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, सोमवारपर्यंत हवा. मी संगणकावर सांख्यिकी नमुना चालवला. कोरड्या खात्याला शून्य हा संकेत दिला होता, ओल्याला एक. मोज्यांसमोर उणे पाच आलं. मी ते सगळ्या कामगारांचं म्हणून लिहिलं. ते सगळ्यांचं नव्हतं. मोजे आणि खातं यांचा गुणाकार नमुन्यात असला की ती ओळ फक्त शून्य दिलेल्या खात्याबद्दल बोलते. उणे पाच फक्त कोरड्या खात्याचे होते. खालीच गुणाकाराच्या ओळीत अधिक दहा होतं, आणि उणे पाच अधिक दहा हे तिसरीतलं पोरही करेल. मी केलं नाही. पहिलीच ओळ इतकी छान आली होती की मला उठून तुम्हाला सांगायची घाई झाली. ज्या खात्यात माझी आई उभी असते, ते खातं मी वाचलंच नाही.

गुरुवारी चार घरांच्या सरासऱ्या काढल्या तेव्हा चूक दिसली. त्याच संध्याकाळी कोष्टक आणि दुरुस्त वाक्य घेऊन तुमच्या खोलीत आले. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचलंत. म्हणालात, "छान काम. ठेवून जा."

छापून आलं तेव्हा कोष्टक नव्हतं. वाक्य जुनंच होतं.

आता तुम्ही विचाराल, मग मार्चमध्ये का नाही बोललीस? सही माझी होती म्हणून. घरी भिंतीवर माझा पदवीचा फोटो आहे. आई रोज सकाळी त्याची काच पुसते. मला वाटलं, अभ्यास तर संपला, मोजे परत गेले, आता कुणाचं काय बिघडणार आहे? मी शेपूट घातली, किल्ली ठेवली आणि गेले.

म्हणजे आपल्या दोघांत चूक माझी आणि लबाडी तुमची. लबाडीला चुकीच्या आड लपता येईल, असा तुमचा हिशेब आहे. इतके दिवस तो बरोबर निघाला.


१७ ऑक्टोबर

सर,

काल तुमचा फोन आला, तुमचा आवाज ऐकून मी उभी राहिले. सवय. नंतर स्वतःवरच चिडून खाली बसले.

फोनवरचं मी लगेच लिहून ठेवलं आहे. तुम्हीच शिकवलं होतं, नोंद त्याच दिवशी करावी.

तुम्ही म्हणालात, "अगं, दहा बायका. दहा म्हणजे काय? नुसता गोंगाट आहे तो. एवढ्याशा गटावर वेगळी चाचणी लावणं हा बालिशपणा आहे."

मी म्हटलं, "चाचणी दहांवर लावली नाही, सर. बायका-बायकांतला फरक किती असतो, तो मी चारही घरांतून घेतलाय, सगळ्या ऐंशी जणींतून. फरक पाचाचा, प्रमाणत्रुटी सव्वापेक्षा थोडी जास्त. जवळजवळ चौपट होतं."

"दोनदा प्रश्न विचारलास की एकदा तरी काहीतरी सापडणारच."

"म्हणून निकाल मानायचा उंबरठा निम्मा, म्हणजे दुप्पट कडक केला. तरीही टिकतं."

मला वाटलं, आता रागवाल. पण तुम्ही वेगळ्याच आवाजात म्हणालात, "दहा वर्षं लागली मला ते मोजे इथवर आणायला. किती समित्यांसमोर उभा राहिलो तुला माहीत नाही. साठ बायकांचं भलं होतंय. तू वीस जणींसाठी सगळं पाडणार?"

खरं सांगते, त्या क्षणी मी डळमळले. तुम्ही पैसे खाणारे असतात, तर सोपं गेलं असतं. तुम्हाला तुमचे मोजे मनापासून आवडतात. पण मी एवढंच मागत होते की कोरड्यात नवे ठेवा आणि ओल्यात जुने राहू द्या. एक वाक्य आणि एक कोष्टक. पाडायचं काही नव्हतंच. तुम्हाला 'सर्व' हा शब्द सोडवत नव्हता.

आणि मग तुम्ही ते म्हणालात. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस गं. मसुदा माझ्या फायलीत आहे. पहिली पदवी आहे तुमच्या घरातली."

आमच्या घरातल्या पदव्या मोजायला तुम्ही सुरुवात केलीत तिथेच माझी भीड संपली. आई जवळ बसली होती. तिला तुमचा शब्दन् शब्द ऐकू जात होता, तुमचा आवाज मोठा आहे. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "धमकी देताना माणूस 'गं' लावून बोलतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं."

नंतर विचारलं, "ते तुझी सही दाखवतील?"

"दाखवतील."

"मग तूच दाखव की आधी."

सर, ही युक्ती आईची आहे. समितीत भेटू.


२१ ऑक्टोबर

सर,

काल तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, म्हणून हे शेवटचं लिहिते. दोघंही तिथे होतो. पण तुमची नजर बहुतेक वेळ टेबलावर होती, तेव्हा काय काय झालं ते तुम्हाला पूर्ण दिसलं नसेल.

तुम्ही माझ्या समोरच्या खुर्चीत होतात. पुढ्यात निळी फाइल, तिच्यातून पिवळी खूणचिठ्ठी बाहेर डोकावत होती. माझा मसुदा. फाइलवर तुमचा हात होता, मांजराच्या पाठीवर ठेवतात तसा. अध्यक्षबाईंनी मला बोलायला सांगितलं तेव्हा तुम्ही चिठ्ठीच्या पानाशी बोट नेलंत.

मी उठले आणि म्हणाले, "पान तीनवरचं वाक्य मी लिहिलं आहे. ते चुकीचं आहे. ही माझ्या सहीच्या मसुद्याची प्रत." आणि एकेक प्रत पाचही सभासदांपुढे ठेवली. एक तुमच्यापुढेही ठेवली.

तुमचं बोट चिठ्ठीपाशीच राहिलं. उघडायलाही येईना, काढायलाही येईना. ते मी किती वेळ बघितलं सांगू? घड्याळात कदाचित तीन सेकंद असतील. मला पुरले. मला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग मी दुसरी प्रत ठेवली. दुरुस्त वाक्य, चौथं कोष्टक आणि समासात तुमच्या अक्षरात, हिरव्या शाईत: 'छापू नये.' तुम्ही विसरला होतात, तुमच्या शेऱ्यांच्या पानांच्या छायाप्रती मी काढून ठेवायचे. अभ्यासाला उपयोगी पडायच्या म्हणून. या पानाची अहवाल छापून आल्यावर, किल्ली ठेवण्याआधी काढली. तुमचं अक्षर मला आवडायचं.

कोष्टक समजावताना मी आईचं पाकीट काढलं. चार घरं. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे इतकं सरळ आहे. हे आधी घरं बघण्याचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी तुमच्याकडे बोट दाखवलं. "सरांनीच. दुसऱ्या वर्षाला. फळ्यावर."

कोपऱ्यातल्या लघुलेखकाने पेन थांबवलं, मग मान खाली घालून तेवढंही लिहून घेतलं. तेव्हा आता ते कागदावर आहे, सर. हे तुम्हाला येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

निर्णय तुम्ही निघून गेल्यावर झाला. अहवाल मागे घेतला. ओल्या खात्यात आज सकाळपासून जुने जाड मोजे. कोरड्यात नवे राहतील. मनगटपट्टी लांब करून ओल्या खात्यासाठी वेगळी चाचणी होईल, ती दुसरं केंद्र करेल. तुमच्याविषयीचा कागद तुम्हाला वेगळा येईल. माझा मला मिळाला: वर्षभर कुठल्याही अहवालावर सही करता येणार नाही. माझ्या साहेबांनी फोनवर सांगितलं, परत आलीस की नोंदी तपासायच्या टेबलावर. आईला सांगितलं तर म्हणाली, "एक वर्ष ना? माझी बोटं वाकतील तोपर्यंत." वाकतील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

आज सकाळी मी धुलाई खात्यात गेले होते. मुकादमबाई जुने मोजे भांडारातून काढून हौदाच्या कठड्यावर वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "सरांना सांगितलंस का सरासरी काढायला या म्हणून?" मी म्हटलं, "बोलावणं पाठवते."

त्या दहा जणींना तुम्ही गोंगाट म्हणालात, ते मी त्यांना सांगितलं. वाईट वाटेल म्हणून आधी सांगणार नव्हते. मग वाटलं, त्यांच्याबद्दलचं पुन्हा एकदा त्यांच्याचपासून कशाला लपवायचं? त्यांनी एक कागद मागून घेतला.

तो या पत्रासोबत आहे. अभ्यासात त्यांना क्रमांक होते, इथे त्यांनी पूर्ण नावं लिहिली आहेत, प्रत्येकीने आपलं आपण. आईही आली होती. ती नववी आहे. अक्षरं वाकडी आली आहेत. वाचायला त्रास झाला, तरी सावकाश वाचा. त्यांना लिहायलाही वेळ लागला.